चित्ररचनेचे नियम आणि पाहणाऱ्याचा डोळा



चित्रकलेच्या वर्गात स्थिरचित्राचा तास चालू असतो. विद्यार्थ्याने टेबलावर स्वतःच वस्तू मांडल्या आहेत. मधोमध तांब्या, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक कांदा आणि पुढे एकटे पडलेले वांगे. शिक्षक येतात, क्षणभर पाहतात आणि तांब्या जरा डावीकडे सरकवतात. एक कांदा तांब्याच्या आड अर्धा लपवतात आणि वांग्याचे देठ बाहेर गेलेले असते ते आत वळवतात. चित्र सुधारते, याविषयी विद्यार्थ्यालाही शंका उरत नाही. ते का सुधारले, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. पुढे एखादे पुस्तक त्याच्या हाती पडते आणि तेथे त्याला नियम सापडतात. विषय मध्यावर ठेवू नये, कागदाचे तीन भाग पाडावेत, सुवर्ण गुणोत्तर सांभाळावे, नजर चित्राबाहेर जाऊ देऊ नये. आता तर पुस्तकाचीही गरज उरलेली नाही. खिशातल्या फोनच्या कॅमेऱ्यातच नऊ घरांची जाळी उमटते आणि बाळाचे छायाचित्र काढणारी आई त्याचे तोंड दोन रेषांच्या छेदबिंदूवर आणू लागते.

हे नियम खरोखर चालतात काय, हा प्रश्न वरवर चित्रकारांच्या घरचा वाटतो. पण ज्याला 'मध्य वर्ज्य' असे लहानपणी पढवले गेले, तो पुढे लिओनार्दोचे 'शेवटचे भोजन' कोणत्या डोळ्यांनी पाहणार? १४९५ ते १४९८ या काळात मिलानच्या मठातील भिंतीवर रंगवलेल्या त्या चित्रात येशू अगदी मध्यावर बसला आहे. छताच्या आणि भिंतींच्या साऱ्या रेषा त्याच्या मस्तकाशी येऊन मिळतात. आपल्याकडच्या देव्हाऱ्यातही देव मध्यावरच असतो. शिकवलेला नियम चित्र काढताना तर उपयोगी पडतोच, पण तो पाहतानाही आडवा येतो. म्हणून तो तपासून घेणे अगत्याचे ठरते.

प्रथम तीन भागांच्या नियमाविषयी. तो जणू ग्रीकांपासून चालत आला आहे, अशा थाटात सांगितला जातो. वस्तुतः त्याचे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराच्या १७९७ मधील ग्रामीण दृश्यचित्रणावरील पुस्तकात आढळते. जोशुआ रेनॉल्ड्स यांनी चित्रातील उजेड आणि अंधार यांच्या वाटणीविषयी काही लिहिले होते. स्मिथने तो धागा पुढे नेऊन आकाश आणि जमीन, पाणी आणि काठ यांची वाटणी एकास दोन अशी असावी असे सुचवले. त्याचे म्हणणे क्षेत्रांच्या वाटणीविषयी होते. चार छेदबिंदूंवर महत्त्वाची वस्तू बसवण्याची आजची रीत ही नंतरची भर आहे. जर्मनीतील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात उत्तम मानलेली छायाचित्रे आणि चित्रे या नियमाच्या कसोटीला लावून पाहिली गेली. नियमाचा वाटा असलाच तर किरकोळ, असा निष्कर्ष निघाला.

मग स्थिरचित्रातला तांब्या सरकवल्याने चित्र का सुधारले? बहुधा त्याचे श्रेय 'तिसऱ्या' रेषेकडे जात नसावे. तांब्या मध्यावर आणि दोन्हीकडे सारखे कांदे असले की वस्तू नुसत्या हजेरीला उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. तांब्या हलला, कांदा आड गेला, की पुढे काय आणि मागे काय हे कळते आणि वस्तूंमध्ये नाते उत्पन्न होते. हे काम तांब्या एकतृतीयांशावर नेऊनही होते, दोनपंचमांशावर नेऊनही होते. नियमाने चांगल्या परिणामाला चुकीचे कारण चिकटवले, इतकेच.

सुवर्ण गुणोत्तराची कथा अधिक रंगतदार आहे आणि त्यात भाबडेपणाही अधिक आहे. एक रेषा अशी छेदावी की लहान भागाचे मोठ्या भागाशी जे प्रमाण, तेच मोठ्याचे संपूर्ण रेषेशी असावे. हे प्रमाण एकास सुमारे १.६१८ येते. युक्लिडच्या भूमितीत ते आहे. १५०९ मध्ये लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने त्यावर ग्रंथ छापला. त्यातील घनाकृतींची रेखाटने लिओनार्दोची होती, म्हणून लिओनार्दो आपली चित्रे याच मापाने बांधत असे, हा समज रुजला. पाचोलीने मात्र चित्रकारांना हे प्रमाण वापरा असे सांगितलेले नाही. सौंदर्याचे गूढ या आकड्यात आहे, ही कल्पना बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील जर्मन लेखक अडोल्फ झायसिंग यांच्या १८५४ च्या ग्रंथापासून फोफावली.

तिची परीक्षा घेणारा पहिला मोठा माणूस म्हणजे गुस्टाफ फेख्नर. १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात लोकांपुढे दहा आयत ठेवलेले होते, चौरसापासून लांबट पट्टीपर्यंत. सर्वांत आवडता आयत कोणता, असे विचारले असता सुमारे ३५ टक्के लोकांनी सुवर्ण आयत निवडला. हा आकडा पुढच्या शंभर वर्षांत असंख्य पुस्तकांतून फिरला. मात्र त्याच फेख्नरने युरोपातील चित्रसंग्रहालयांतल्या हजारो चित्रांच्या चौकटीही मोजल्या होत्या. उभ्या चित्रांचे प्रमाण साधारण पाचास चार आणि आडव्या चित्रांचे चारास तीन भरले. म्हणजे कोऱ्या आयतांत लोकांना जे आवडले, ते प्रत्यक्ष चित्रकारांनी वापरलेले नव्हते. निम्मी गोष्ट सांगितली गेली आणि निम्मी बासनात राहिली. पुढील प्रयोगांत तर आयतांची आवड माणसागणिक बदलते, आणि पुढ्यात ठेवलेल्या इतर आयतांवरही अवलंबून असते, असे वारंवार दिसून आले.

तिसरा नियम नजरेच्या वाटेचा. अनेक पुस्तकांत थोरांच्या चित्रांवर बाण काढलेले असतात. डोळा येथून आत शिरतो, या बाहूवरून वर चढतो, त्या वस्त्राच्या घडीवरून उतरतो आणि फिरून मुख्य पात्राकडे येतो. हे बाण काढणाऱ्याने कोणाचा डोळा पाहिलेला असतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. डोळा मुळी असा सरकत नाहीच. त्याला स्पष्ट दिसते ते अगदी लहानसे क्षेत्र. म्हणून तो सेकंदाला सुमारे तीन उड्या मारतो आणि मध्ये थबकतो. १९३५ मध्ये गाय बसवेल या अमेरिकन संशोधकाने दोनशे माणसांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, आणि रशियात आल्फ्रेड यार्बुस यांनी डोळ्याला चिकटणाऱ्या एका लहानशा टोपीवर आरसा बसवून त्या अधिक काटेकोरपणे नोंदल्या. यार्बुस यांचे पुस्तक १९६५ मध्ये आले. त्यातला एक प्रयोग विस्ताराने सांगण्याजोगा आहे.

चित्र होते इल्या रेपिनचे. हद्दपारीतून एक मनुष्य अवचित घरी परततो. दारात मोलकरीण थबकली आहे, वृद्ध आई खुर्चीतून उठते आहे, टेबलाशी मुले बसली आहेत आणि मधली जमीन रिकामी आहे. एकाच प्रेक्षकाला हे चित्र सात वेळा, प्रत्येक वेळी तीन मिनिटे दाखवले गेले. एकदा काहीच विचारले नाही. मग घरची सांपत्तिक स्थिती कशी असावी असे विचारले, तर डोळे सामानसुमानावर आणि कपड्यांवर फिरले. माणसांची वये विचारली, तर डोळे चेहऱ्यांवरच खिळले. आलेला माणूस किती दिवस दूर होता, असे विचारल्यावर नजर त्याच्या तोंडावरून घरच्यांच्या तोंडांकडे आणि तेथून पुन्हा त्याच्याकडे झेप घेत राहिली. चित्र तेच, चौकट तीच. वाटा मात्र भिन्न. डोळ्याला वाट दाखवण्यात रेषांपेक्षा मनातील प्रश्नाचा आणि माणसांच्या चेहऱ्यांचा अधिकार मोठा ठरला.

यावरून रचना व्यर्थ आहे, असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. रेपिनच्या चित्रातली ती रिकामी जमीन पाहा. तिच्यावर नजर क्वचितच ठरते. पण ती तेथे नसती, आई आणि मुलगा जवळजवळ उभे असते, तर 'किती दिवस' हा प्रश्नच मनात उठला नसता. डोळा ज्यावर थांबत नाही, तेही डोळ्याच्या कडेने जाणवत असते आणि त्याने अर्थ बदलतो. रचनेचे खरे काम तेथे चालते.

काही नियम परीक्षेला टिकतातही. २००८ मध्ये अमेरिकेत स्टीफन पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौकटीत एकच वस्तू ठेवून लोकांची पसंती तपासली. समोर तोंड करून असलेली वस्तू लोकांना मध्यावर आवडली. मध्य वर्ज्य मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. एका बाजूला तोंड असलेली वस्तू मात्र लोकांना अशी आवडली की तिचे तोंड चौकटीच्या आत वळलेले असावे आणि तिच्यासमोर मोकळी जागा असावी. शिक्षकांनी वांग्याचे देठ आत वळवले, ते याच जाणिवेने. डावे आणि उजवे यांचीही अशीच गंमत आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत डावीकडून उजवीकडे वाचणारे फ्रेंच आणि उजवीकडून डावीकडे वाचणारे हिब्रू भाषक यांची चित्रांच्या दिशेची आवड परस्परविरुद्ध भरली. म्हणजे चित्राचा 'स्वाभाविक ओघ' ज्याला म्हणतात, त्यात लिपीचाही वाटा असतो.

आता थोडे घराजवळ येऊ. माळव्यात सतराव्या शतकात जी लघुचित्रे झाली, १६३४ ची रसिकप्रियेची चित्रमालिका किंवा १६५२ ची अमरुशतकाची, त्यांना युरोपीय नियमांची फूटपट्टी लावली तर ती चुकांनी भरलेली दिसतील. पान सपाट रंगांच्या पट्ट्यांत विभागलेले असते. एका घरात गडद तांबडा, दुसऱ्यात काळा किंवा निळा. एका चौकटीत नायिका, दुसरीत सखी, वर छत्र्या आणि घुमट, तळाशी वेलबुट्टीची किनार. खोली नाही, दूरदृश्य नाही, छाया तर नाहीच. पण नायिका ज्या तांबड्या घरात बसली आहे आणि नायक ज्या काळ्या रात्रीत उभा आहे, त्या दोन रंगांमधली उभी कड हीच तेथे विरहाची भिंत होते. अजिंठ्यात तर चौकटच नाही. सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकाची कथा भिंतीवरून वाहत जाते. खांब, मंडप आणि खडक एका प्रसंगाला दुसऱ्यापासून अलग करतात. चौकट गृहीत धरून केलेले नियम तेथे लावायचे कोठे?

आपल्या शास्त्रकारांनाही नियमांचा सोस काही कमी नव्हता. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार आणि त्यांची अंगुळांतली मापे बारकाईने दिली आहेत. कामसूत्राच्या टीकेत यशोधराने सांगितलेली चित्राची सहा अंगे प्रसिद्धच आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. त्यांत आजच्या अर्थाने 'रचना' हे स्वतंत्र अंग नाही, ही बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चित्रसूत्रात मात्र एक मार्मिक निरीक्षण आहे. आचार्य रेखेची प्रशंसा करतात, जाणकार छायाप्रकाशाची, स्त्रिया अलंकारांची आणि इतर जन रंगांच्या समृद्धीची. स्त्रियांविषयीचे मत त्या काळाचे म्हणून सोडून द्यावे; पण एकाच चित्रात निरनिराळे पाहणारे निरनिराळे पाहतात, हे यार्बुसच्या प्रयोगाच्या कितीतरी शतके आधी नोंदले गेले होते.

जाणकार खरोखर वेगळे पाहतात काय? १९९३ मध्ये अमेरिकेतील तीन संशोधकांनी कलाशिक्षण घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांपुढे काही चित्रे आणि त्यांचीच रचना मोडलेली रूपे ठेवली. न शिकलेल्यांची नजर एकेका वस्तूवर अडकली. शिकलेल्यांची नजर वस्तूंच्या परस्परसंबंधांवर फिरत राहिली. नियमांनी चित्र सुंदर होते की नाही, हे अनिश्चित. पण नियम शिकता शिकता पाहणारा दोन वस्तूंमधली जागा पाहू लागतो, हे बरेचसे निश्चित दिसते. व्याकरणाने कवी होत नाही, पण व्याकरण शिकलेल्याला वाक्य कोठे वाकले आहे ते ऐकू येते, तसाच हा प्रकार आहे.

इंदुरातील श्रोत्यांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. नारायण श्रीधर बेंद्रे यांचा जन्म येथलाच, १९१० चा. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली ते तयार झाले. मकबूल फिदा हुसेन यांनीही त्याच गुरूकडे धडे घेतले. मास्तर एक आणि शिष्यांच्या चित्ररचना किती भिन्न! बेंद्रे निसर्गदृश्यापासून घनवादी बांधणीपर्यंत आणि पुढे रंगबिंदूंच्या चित्रणापर्यंत गेले. १९५० पासून १९६६ पर्यंत त्यांनी बडोद्याच्या कलाशाळेत शिकवले, आणि तेथून निघालेल्या चित्रकारांची चित्रे एका साच्यातली दिसत नाहीत, यातच त्या शिकवण्याची साक्ष मिळते.

नियम मोडण्याविषयी बोलताना एदगार दगा या फ्रेंच चित्रकाराचे नाव टाळता येत नाही. १८७५ च्या त्याच्या 'प्लास द ला काँकोर्द' या चित्रात एक सरदार आपल्या दोन मुली आणि कुत्रा यांच्यासह चौकातून चालला आहे. तो एका दिशेला चालला आहे, मुली दुसरीकडे पाहत आहेत, डाव्या कडेला एक मनुष्य चौकटीने अर्धा कापला आहे आणि चित्राच्या मध्यावर निव्वळ रिकामा चौक आहे. समोर मोकळी जागा असावी, हा टिकणारा नियमही येथे मोडला आहे. त्या मोडण्यानेच पुढच्या क्षणी ही सारी माणसे आपापल्या वाटेने पांगतील, असे वाटत राहते. आत वळलेल्या तोंडांची अपेक्षा पाहणाऱ्याच्या मनात आधीपासून नसती, तर ही पांगापांग त्याला जाणवली नसती.

चित्रशाळांतून एक जुनी युक्ती चालत आली आहे. चित्र उलटे करून ठेवावे, नाहीतर आरशात पाहावे. लिओनार्दोनेही आपल्या टिपणांत आरशाचा सल्ला दिला आहे. उलट्या चित्रात तांब्या तांब्या राहत नाही, कांदे कांदे राहत नाहीत. उरतात ते केवळ लहानमोठे, काळेपांढरे आकार आणि त्यांच्यामधली जागा. स्थिरचित्राच्या तासाला तो विद्यार्थी कागद उलटा धरून मिनिटभर बसला, तर वांगे कोठे जायला हवे ते बहुधा त्याला आपणहून दिसते. पुष्कळदा ती जागा शिक्षकांनी दाखवलेलीच असते. कधी मात्र ती वेगळीच निघते.