मातेचे रक्त आणि बाळाचे रक्त



जिची अपत्ये जगत नाहीत, अशा स्त्रीला आपल्याकडे ‘मृतवत्सा’ म्हणत. पहिले मूल सुखरूप. पुढची मात्र पोटातच दगावलेली वा जन्मताच काविळीने गेलेली. मग दोष दृष्टीला, ग्रहांना आणि अखेर त्या मातेच्या पायगुणाला दिला जाई. अशा सर्व नव्हे, पण काही मृत्यूंचे कारण रक्तात दडलेले होते.

१९३९ साली फिलिप लेव्हिन व रूफस स्टेट्सन यांनी एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. मृत मूल जन्मल्यावर तिला पतीचे रक्त देण्यात आले. दोघांचाही गट ‘ओ’. तरी ते रक्त तिला सोसले नाही. पित्याकडून बाळात उतरलेल्या एखाद्या घटकाविरुद्ध तिच्या देहात प्रतिद्रव्ये निर्माण झाली असावीत, असा तर्क त्यांनी मांडला. पुढल्याच वर्षी लँडस्टायनर व वीनर यांनी ‘आरएच’ घटकाचा शोध जाहीर केला.

माता आरएच निगेटिव्ह व बाळ पॉझिटिव्ह असेल, तर विशेषतः प्रसूतीच्या वेळी बाळाच्या तांबड्या पेशी मातेच्या रक्तात शिरतात. त्यांना परक्या मानून तिचे शरीर प्रतिद्रव्ये तयार करू शकते. पहिले बाळ बहुधा बचावते. पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या पेशी मात्र वारेतून गेलेल्या या प्रतिद्रव्यांमुळे नष्ट होतात.

यावरील ‘अँटी-डी’ इंजेक्शन १९६८ पासून वापरात आले. साधारणतः अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते देतात. प्रतिद्रव्ये एकदा तयार झाली, की त्याचा उपयोग नाही. म्हणून ज्ञान वेळेवर हवे. गर्भपातानंतरही त्याची गरज पडू शकते. ती गोष्ट डॉक्टरांपासून झाकून ठेवण्याची रीत येथे घातक ठरते.

भारतात शंभरांपैकी सुमारे पाच व्यक्ती आरएच निगेटिव्ह आहेत. यासाठी ठरलेला विवाह मोडण्याचे काहीच कारण नाही. पहिल्याच तपासणीत रक्तगट विचारावा, कागदावरील अधिक-उण्याचे चिन्ह स्वतः वाचावे, उणे असल्यास पतीचा गट तपासावा आणि इंजेक्शनची तारीख घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवावी. ‘मृतवत्सा’ हा शब्द मग जुन्या कोशांतच राहील.