इन्शुलिनची बेटे



आम्हा हरणीकरांपैकी कित्येकांच्या घरी इन्शुलिनची सुई रोजची आहे. ती कायमची सुटेल काय?

स्वादुपिंडात इन्शुलिन करणाऱ्या पेशींची बेटे असतात. शरीरच त्या पेशी नष्ट करते, तेव्हा टाइप १ मधुमेह जडतो. कॅनडातील एडमंटन येथे डॉ. जेम्स शॅपिरो व सहकाऱ्यांनी मृत दात्यांची बेटे सात रोग्यांच्या यकृतात सोडली. सातही जणांची सुई सुटल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. परंतु एकेका रोग्याला किमान दोन दाते लागले, परक्या पेशी टिकविणारी औषधे चालूच राहिली, आणि पुढे पुष्कळांना सुई पुन्हा धरावी लागली.

म्हणून जाहिरातींना भुलून इन्शुलिन सोडू नका. आणि अवयवदानाची इच्छा घरी सांगून ठेवा. त्या सातांची सुई सुटली ती अनोळखी माणसांच्या दानामुळेच.