बेताच्या मिळकतीतला समारंभ

घरी चार माणसे बोलवावीत, त्यांच्या हाती काही गोड-तिखट ठेवावे आणि घटकाभर त्यांच्याशी बोलत बसावे, ही हौस केवळ श्रीमंतांनाच असते असे नाही. परंतु ज्याच्या घरी जमाखर्चाची तोंडमिळवणी मोठ्या कष्टाने होते, त्या गृहस्थाला आमंत्रणाच्या नुसत्या विचारानेच धडकी भरते. पाहुण्यांना काय आवडेल, यापेक्षा शेजाऱ्यांनी काय दिले होते, याचीच चिंता त्याला अधिक लागते. मग समारंभ एका संध्याकाळचा आणि कर्ज सहा महिन्यांचे, असा प्रकार घडतो.

या अडचणीतून वाट काढण्याचे शहाणपण महाराष्ट्रातील जुन्या गृहिणींनी केव्हाच दाखवून ठेवले आहे. चैत्रातील हळदीकुंकू हे त्याचे उत्तम उदाहरण होय. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. या महिनाभरात सोयीचा कोणताही दिवस निवडण्याची गृहिणीला मोकळीक असते. त्यामुळे पगार हाती आल्यानंतरचा दिवस धरता येतो. मुहूर्तासाठी उसनवार करण्याची पाळी येत नाही.

जिन्नसही ऋतूला धरून असतात. चैत्रात कैरी स्वस्त. तिचाच कीस डाळीत, तिचाच गर पन्ह्यात. अर्धा किलो हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजली की वजनाने जवळजवळ दुप्पट होते. ती जाडसर वाटून, कैरी, खोबरे व हिरवी मिरची घालून वर हिंग-मोहरीची फोडणी दिली, की पंचवीस द्रोण सहज निघतात. ही डाळ उन्हाळ्यात लवकर आंबते, एवढे ध्यानी ठेवून ती दुपारीच वाटावी. एक किलो कैरीच्या उकडलेल्या गरात किलोभर गूळ, वेलदोडा व चवीपुरते मीठ घातले, की पंचवीस लहान पेले पन्हे होते. ओटीला भिजवलेले हरभरे. तेही भिजून फुगतात. कैऱ्या उकडणे आणि डाळीची फोडणी एवढेच काय ते चुलीचे काम.

खरी युक्ती मात्र याहूनही निराळी आहे. येथे पंगत नसते. चारपासून दिवेलागणीपर्यंत बायका येतात, गौरीची आरास पाहतात, पन्हे घेतात आणि ओटी घेऊन जातात. एका वेळी सात-आठजणींहून अधिक माणूस घरात नसते. म्हणून दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात डझनभर पेल्यांवर पन्नासजणींचे आतिथ्य होते. आराशीला घरचीच लुगडी, मुलांची खेळणी आणि अंगणात चैत्रांगणाची रांगोळी.

पुण्यातील एका चाळवजा इमारतीत घडलेली गोष्ट या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. तेथील एका कारकुनाने शेजाऱ्यांच्या थाटाला तोड म्हणून आचारी बोलावण्याचे ठरविले होते आणि त्यासाठी पतपेढीकडे अर्जही लिहून ठेवला होता. त्याच्या आईने तो अर्ज शांतपणे वाचला व एवढेच विचारले, "अरे, खालच्या मजल्यावरची ती शिवणकाम करणारी बाई आपल्याकडे का येत नाही, ठाऊक आहे का तुला?" मुलगा गप्प राहिला. "खाल्लेले फेडायचे कसे, या धास्तीने ती कुणाच्याच घरी जात नाही," म्हातारी म्हणाली.

अर्ज फाडला गेला. त्या शुक्रवारी डाळ आणि पन्हे झाले. शिवणकाम करणारी बाई आली. उंबऱ्याशी थोडी घुटमळली, मग आत येऊन बसली. द्रोणातली डाळ चाखून तिने कैरी कोठून आणली, याची चौकशी केली. पुढच्या मंगळवारी तिच्या एका खोलीत गौर बसलेली होती आणि सारी इमारत पन्हे पिण्यास तेथे जमली होती. पेले कमी पडले, तेव्हा कारकुनाच्या घरचे डझनभर पेले खाली गेले.

यजमानाने केलेला अफाट खर्च पाहुण्याच्याही डोक्यावर ओझे होऊन बसतो. ज्याला परतफेड झेपत नाही, तो हळूहळू येईनासा होतो. म्हणून बेताच्या मिळकतीच्या गृहस्थाने समारंभाचा आराखडा करताना खिशाबरोबर आणखी एक गोष्ट तपासावी: आलेल्या माणसांतील सर्वांत गरीब घराला हा समारंभ आपल्याकडेही करता येईल काय? उत्तर होकारार्थी असेल, तर त्या घरातून माणसे कधीच हटणार नाहीत.