चटई अंथरून बघा

(चंदगड तालुक्यातील रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



भाताची मळणी उरकली, म्हणून आज वर्ग भरलेला दिसतो. बरे वाटले.

गेल्या आठवड्यात वर्गातल्या एका आक्कांनी मला एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा मुंबईला नोकरी करतो. तो म्हणतो, "आई, काजूची बाग विकू या आणि मुंबईला घर घेऊ या." आक्का म्हणाल्या, "गुरुजी, विकू का नको?"

मी म्हणालो, "आक्का, बाग तुमची. विका किंवा ठेवा. पण त्याआधी काय मोजायचे आणि काय वाचायचे, ते मी सांगतो."

तेच आज सगळ्यांना सांगणार आहे.

मुंबई आपल्याला नवी नाही. आपल्या भागातली किती तरी माणसे तिथल्या कापड गिरण्यांत राबली. माझे वडीलही त्यांतलेच. गावच्या मंडळींनी मिळून एक खोली घेतली होती. एक जण रात्रपाळीहून यायचा, तेव्हा दुसरा उठून दिवसपाळीला जायचा. अंथरूण एकच. जेवण खाणावळीत. स्वतःचे म्हणावे असे काय? एक पत्र्याची ट्रंक!

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे अनेकांचे काम कायमचे सुटले. वडील ट्रंक घेऊन गावी आले. मुंबईत इतकी वर्षे घालवली, पण तिथे हातभर जागा त्यांची झाली नाही.

गिरण्या बंद पडल्या, पण त्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. १९९१ साली सरकारने नियम केला. जमीन विकसित करायची, तर तिचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे असे ठरले. जिथे जुन्या इमारती उभ्या होत्या, ती जमीन वाटणीतून सुटली. भाकरीच लहान झाली, मग तुकडा मोठा कुठून येणार?

घरांसाठी अर्ज आले सुमारे पावणेदोन लाख. १ मार्च २०२० रोजी सोडत निघाली, ती ३,८९४ घरांची. एक घर २२५ चौरस फुटांचे. किंमत साडेनऊ लाख रुपये.

घरे थोडी आणि माणसे फार, अशा ठिकाणी दलाल हमखास येतो. आमच्या दारीही आला. वडिलांना म्हणाला, "तात्या, साहेबांशी माझी ओळख हाय. तुमचा नंबर लावतो." वडिलांनी म्हैस विकली. चाळीस हजार रुपये त्याच्या हातावर ठेवले. त्याने एक कागद पुढे केला. वडिलांनी अंगठा उठवला. मी तेव्हा नोकरीच्या गावी होतो. सुटीत आलो आणि कागद वाचला. त्यावर काय होते? "हातउसने घेतलेले पैसे आज परत केले." म्हणजे वडिलांनीच त्याचे देणे फेडले, असा अर्थ झाला! घर राहिले, पैसे गेले, म्हैसही गेली.

म्हाडाने घरे देण्यासाठी कोणताही दलाल नेमलेला नाही. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा.

आता आक्कांच्या प्रश्नाकडे येतो. घर घेण्याआधी तीन गोष्टी करा.

पहिली गोष्ट : जागा मोजा.

तुम्ही बसला आहात, तिथे मी खडूने एक चौकोन आखला आहे. पंधरा फूट लांब, पंधरा फूट रुंद. हे झाले २२५ चौरस फूट. यातच चूल, यातच मोरी, यातच संडास. उरलेल्या जागेत निजायचे, मुलांनी अभ्यास करायचा. चार माणसे मावतील का? आजी-आजोबा गावाहून आले तर?

लहान घर वाईट असते, असे मी म्हणत नाही. मुंबईच्या बी. डी. डी. चाळी शंभर वर्षांपूर्वीच्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची. त्यात पिढ्या वाढल्या. आता त्या चाळी पाडून नव्या इमारती होत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. सांगायचे ते इतकेच, की फुटांचा हिशेब आपल्याला आला पाहिजे.

कागदावर "कार्पेट एरिया" असा शब्द असतो. आपण त्याला चटई क्षेत्र म्हणू. घरात जिथे चटई अंथरता येते, ती जागा. बाहेरच्या भिंती, जिना, गच्ची, बाल्कनी त्यात धरत नाहीत. विकणारा कितीही मोठा आकडा सांगो, तुम्ही विचारा, "चटई किती?" आकडा चौरस मीटरमध्ये असेल, तर एका मीटरचे सुमारे पावणेअकरा फूट धरा.

दुसरी गोष्ट : हप्ता मोजा.

समजा, दहा लाख रुपये कर्ज काढले. व्याज साल दरशेकडा ९. मुदत २० वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ९,००० रुपये होतो. वीस वर्षांत भरले किती? सुमारे २१ लाख ६० हजार! शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि सोसायटीचा दरमहाचा खर्च वेगळा. स्वस्त घर विरार, बदलापूरकडे मिळेल. मग रोजचा आगगाडीचा पास आणि जाण्या-येण्यातले तासही किमतीत धरा.

बाग वर्षाला काहीतरी देते. घर महिन्याला मागते. मुलाचा पगार हे मागणे पुरवील का, ते आधी बघा. "घर पाहावे बांधून" असे आपली जुनी माणसे म्हणत. आता घर पाहावे हप्ता फेडून!

तिसरी गोष्ट : कागद वाचा.

यासाठी २०१६ साली कायदा झाला. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा हे प्राधिकरण त्याचे काम पाहते. थोड्या खोल्यांच्या लहान बांधकामांना सूट आहे. बाकीच्या नव्या इमारतींची तिथे नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला घरे विकता येत नाहीत. नोंदणीचा नंबर मागून घ्या. मुलाला तो मोबाईलवर तपासायला सांगा. जमिनीचे काम कुठवर आले, घर कधी मिळणार, हे तिथे दिसते. चटई क्षेत्रही दिसते.

आणखी एक. कराराची नोंदणी होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त पैसे घेता येत नाहीत. वीस लाखांचे घर असेल, तर आधी दोन लाखांपर्यंतच. जो कोणी "आधी सगळे द्या, कागद मागून करू" म्हणेल, त्याला रामराम करा. आणि दिलेल्या पैशाची पावती घ्याच.

मंडळी, माझे वडील आता नाहीत. तो अंगठ्याचा कागद मी जपून ठेवला आहे. आज इथे आणला आहे. हातोहात फिरवा. तुम्हांला आता अक्षरे येतात. प्रत्येकाने एकेक शब्द मोठ्याने वाचा.

आक्का, पहिला शब्द तुम्ही वाचा. तो वाचता आला, की मुलाला पत्र लिहा. त्यात लिहा, "बागेचे मग बघू. आधी घराचा कागद घेऊन ये. मी स्वतः वाचणार आहे."