निरीक्षणगृहाची तपासणी : एका व्यापाऱ्याचा अनुभव

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा यथोचित आढावा माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी घेतलाच आहे. विश्वस्तांनी माझ्याकडे निराळा विषय सोपवला आहे. मी बी.कॉम. झालो आणि त्याच वर्षी वडिलांच्या कापडाच्या पेढीवर बसलो. कायदा वा समाजशास्त्र यांचे शिक्षण मी घेतलेले नाही. तरीही मुलांच्या संस्थांची तपासणी करणाऱ्या जिल्हा समितीत नागरिकांमधून घेतलेला सदस्य म्हणून काही वर्षे काम करण्याचा योग आला. त्या कामात माझ्या हातून एक चूक घडली. ती आपल्यापुढे मांडावी, म्हणून आज उभा आहे.

प्रथम थोडी माहिती देतो. आपण ज्याला सर्रास ‘रिमांड होम’ म्हणतो, त्याला कायद्यात ‘निरीक्षणगृह’ असे नाव आहे. आपल्या प्रांतात मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला; तो ‘मुंबई मुलांचा अधिनियम’. पुढे १९८६ आणि २००० साली संपूर्ण देशासाठी कायदे झाले. सध्या लागू असलेला बाल न्याय अधिनियम २०१५ चा असून तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. अठरा वर्षांखालील ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याला हा कायदा गुन्हेगार म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात व त्यांपैकी किमान एक महिला असते. अनाथ, निराधार किंवा छळ सोसलेल्या मुलांचा विचार बाल कल्याण समिती करते आणि त्यांची सोय बालगृहात होते.

या सर्व संस्थांची तपासणी तीन महिन्यांतून किमान एकदा झालीच पाहिजे, असे कायद्याचे कलम ५४ सांगते. पथकात किमान तीन सदस्य हवेत. त्यांत एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असणे आवश्यक आहे. भेटीनंतर आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा आणि त्यावर महिन्याच्या आत कार्यवाही व्हायची. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हा अहवाल आता थेट जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. मुलाची ओळख उघड करणे हा कलम ७४ नुसार गुन्हा आहे. म्हणून पुढील निवेदनात मी कोणाचेही वा कोणत्याही संस्थेचे नाव घेणार नाही.

माझ्या पहिल्याच तपासणीची गोष्ट. आम्ही येणार हे संस्थेला आधीच ठाऊक होते. अंगण झाडलेले, फळ्यावर सुविचार लिहिलेला आणि मुले रांगेत उभी. अधीक्षक अत्यंत नम्र गृहस्थ होते. शयनगृहात प्रत्येक गादीवर पांढरी स्वच्छ चादर अंथरलेली होती. सहकारी सदस्य समाधानाने पुढे गेले. मी मात्र सवयीप्रमाणे चादरीला हात लावला. कापडाची खळ तशीच होती. ताका कापून शिवल्यावर पडलेल्या घडीच्या रेघा जशाच्या तशा उमटलेल्या होत्या. त्या चादरीला एकदाही पाणी लागलेले नव्हते. मग कार्यालयात साठा नोंदवही पाहिली. चादरी सहा महिन्यांपूर्वीच मुलांना वाटल्याची नोंद तेथे होती.

चाळीस वर्षे कापड हाताळलेल्या माणसाला यापेक्षा अधिक पुरावा लागत नाही. चादर सहा महिने अंगाखाली असती, तर खळ उरली नसती. मला सर्व उमगले आणि तरीही मी गप्प बसलो. चहा झाला होता. अधीक्षकांनी आमचे फार आदराने स्वागत केले होते. पहिल्याच भेटीत कशाला कोणाचे वाईट घ्यावे, असा व्यापारी विचार मनात आला. ‘कपडे व बिछाना’ या रकान्यापुढे मी ‘समाधानकारक’ असे लिहिले आणि सही केली.

तीन महिन्यांनी, पौषाच्या थंडीत, आम्ही न कळवता सकाळी लवकर गेलो. मुले सतरंजीवर झोपलेली होती. काही ठिकाणी दोघे-दोघे एकाच पांघरुणात होते. वैद्यकीय अधिकारी मॅडमनी मुलांचे हात पाहिले. कित्येकांच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज होती. एकच अंथरूण-पांघरूण अनेकांनी वापरले की ती पसरत जाते, हे त्यांनी तेथेच समजावून सांगितले. कर्मचाऱ्यांना बाहेर थांबवून आम्ही मुलांशी बोललो. चादरी कुठे आहेत, असे मी एका मुलाला विचारले. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, तो सहज म्हणाला, “साहेब, त्या तुमच्यासाठी असतात. तुम्ही गेलात की परत कपाटात.”

कपाट उघडले. त्याच चादरी, त्याच घड्या.

बंधू-भगिनींनो, त्या थंडीतील तीन महिन्यांना अधीक्षक जितके जबाबदार होते, तितकाच मीही होतो. त्यांना ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते. त्यांनी वहीत खोटे लिहिले, तसेच मीही अहवालात खोटे लिहिले. फरक इतकाच की त्यांच्याजवळ काही कारण तरी होते. ते म्हणाले, “शेठजी, चादर फाटली वा हरवली तर लेखापरीक्षणात उत्तर मला द्यावे लागते. काळजीवाहकांच्या जागा रिकाम्या आहेत, धुलाईला माणूस नाही. कपाटात ठेवली की हिशेब बरोबर राहतो.” हा मनुष्य दुष्ट नव्हता. मुलांपेक्षा वस्तूंचा हिशेब चोख ठेवण्याची त्याला भीतीपोटी सवय जडली होती, आणि माझ्या ‘समाधानकारक’ या शब्दाने ती अधिक पक्की केली होती.

त्यानंतर मी अहवालात विशेषणे लिहिणे सोडले आणि आकडे लिहू लागलो. वहीत चादरी किती, गादीवर किती, कपाटात किती. नियमांत पंचवीस मुलांच्या शयनगृहासाठी एक हजार चौरस फूट जागा सांगितली आहे. म्हणजे एका मुलाला चाळीस. मी टेपने खोली मोजून आकडा लिहू लागलो. मुलांसाठीची सूचनापेटी कार्यालयापासून दूर, त्यांच्या राहण्याच्या जागेजवळ हवी आणि तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे हवी, असा नियम आहे. येथे पेटी अधीक्षकांच्या दारालगत होती आणि किल्ली त्यांच्याच खणात. तेही लिहिले. त्याच अहवालात माझी मागील नोंद चुकीची होती, हेही स्वतःच्या हाताने नोंदवले. सहकाऱ्यांनी तसे न करण्याचा सल्ला दिला. पण रोजमेळातली चुकीची नोंद खोडायची नसते, दुरुस्तीची नोंद करायची असते, हे मी कॉमर्सच्या पहिल्या वर्षीच शिकलो होतो.

महिन्याभरात चादरी गाद्यांवर आल्या, पेटी शयनगृहाजवळ गेली आणि सर्व मुलांवर एकाच वेळी खरजेचे उपचार झाले. काळजीवाहकांच्या जागा मात्र माझ्या कार्यकाळात भरल्या गेल्या नाहीत. एका मुलाने मला विचारले होते, “मी घरी कधी जाणार?” चौकशी चार महिन्यांत पूर्ण व्हावी, फार तर दोन महिने मुदतवाढ मिळावी, असा कायदा आहे. त्याचा पाचवा महिना संपत आला होता. कारण परजिल्ह्यातून परिविक्षा अधिकाऱ्यांचा सामाजिक तपासणी अहवाल आलेला नव्हता. मंडळाच्या निर्णयात आम्हाला हस्तक्षेप करता येत नाही. मी फक्त तारखा लिहून ती बाब मंडळाच्या नजरेस आणली. पुढच्या भेटीत तो मुलगा तेथे नव्हता. तो कोठे गेला, हे विचारणे माझ्या अधिकारात बसत नव्हते.

आता आपल्याकडे वळतो. आपल्यापैकी अनेकजण वाढदिवसाला बालगृहात मिठाई घेऊन जातात. भावना उत्तम आहे, तिची मी अनुमोदनाच करतो. परंतु मुलांसोबत काढलेली छायाचित्रे कृपया कोठेही प्रसिद्ध करू नका. त्याने मुलाची ओळख कायमची उघड होते. दान दिलेल्या वस्तू वापरात आहेत की कपाटात, हे सहा महिन्यांनी जाऊन अवश्य विचारा. दुसरी विनंती व्यापारी बंधूंना. अठरा वर्षे पूर्ण होताच मुलाला संस्था सोडावी लागते. त्यानंतर एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे. पण खरा आधार कामाचाच असतो. आपल्या दुकानात, गोदामात अशा एका मुलाला उभे करा. बाल न्याय मंडळाने ज्याचे प्रकरण निकाली काढले, त्याला त्या निकालामुळे कोणतीही अपात्रता येत नाही, असे कलम २४ सांगते. त्याला ‘पूर्वी काय केले होतेस’ असे विचारू नका. त्याला काय येते, तेवढे विचारा.

आणि आपल्यापैकी कोणाला अशा समितीवर बोलावणे आले, तर नकार देऊ नका. वर्षातून काही सकाळी लागतात. डॉक्टर असाल तर हात पाहा, शिक्षक असाल तर वही पाहा, कापडवाले असाल तर चादर पाहा. आपापल्या व्यवसायाने जे पाहायला शिकवले, ते तेथे उपयोगी पडते. एवढेच सांभाळा, की जे दिसले ते लिहा. चहा घेण्यास हरकत नाही. पण सही चहाच्या आधी करा.

 

जय जिनेंद्र.