फळीचा हिशेब आणि यंत्राची मोजणी



आम्ही शाळेत फार शिकलो नाही. हिशेब शिकलो तो तेंदूपत्त्याच्या फळीवर. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात मे महिन्यात घरेच्या घरे पहाटे पानांना निघतात. ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. मजुरी ठरते ती याच मापावर.

हा हिशेब हाताने कसा होई? एक फळी घ्यायची, तिच्यातले एक कुटुंब, त्या कुटुंबाचा एक दिवस. पुड्यांना दराने गुणायचे आणि पुढे सरकायचे. १० फळ्या, प्रत्येकी १०० कुटुंबे आणि १५ दिवस धरले, तर १५,००० वेळा लेखणी उचलावी लागे. संगणकालाही असेच चक्रात चक्र घालून सांगता येते. पण पायथॉनसारख्या भाषेत प्रत्येक फेरीला एक दुभाष्या मध्ये उभा राहतो. १५,००० नोंदींत ते जाणवत नाही; उपग्रहाने टिपलेल्या जंगलाचे कोट्यवधी ठिपके मोजताना मात्र जाणवते.

दुसरी रीत अशी की फळी, कुटुंब व दिवस या तीन बाजूंचा एकच ठोकळा मानावा, आणि ‘प्रत्येक फळीला तिचा दर लाव’ ही एकच आज्ञा द्यावी. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ सालच्या आपल्या ग्रंथात ही दृष्टी मांडली. पायथॉनमध्ये ती नमपाय या साधनाने आणली. फेऱ्या नाहीशा होत नाहीत. त्या यंत्राच्या स्वतःच्या भाषेत, आतल्या आत, झपाट्याने होतात.

ही झाली स्तुती. आता मजुराचा प्रश्न. आईने आधी ६० पुडे दिले, मागाहून लेकीने ४०; खाते एकच. खातेक्रमांकांची यादी देऊन ‘यांत हे मिळव’ म्हटले, तर नमपाय दोन्ही वेळा जुनीच बाकी धरते आणि शेवटची नोंद तेवढी उरते. १०० चे झाले ४०! यंत्र चकार शब्द काढीत नाही. चक्राच्या जुन्या रीतीत हे होत नसे.

आमच्याच तपासणीत एकदा ही चूक झाली. ती पकडली एका बाईने, भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा मोजून. तिला लिहिता येत नव्हते.

यावर उपाय आहे: पुन्हा आलेले खाते पुन्हा मिळवणारी ‘ॲड.ॲट’ ही निराळी आज्ञा. पण एवढ्यावर थांबू नये. कच्च्या चिठ्ठ्यांची बेरीज आणि ठोकळ्याची बेरीज दोन्ही फळीवर मोठ्याने वाचून दाखवाव्यात, आणि त्या जुळल्यावाचून कोणी अंगठा उठवू नये.