तबकडीची दुसरी बाजू
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



फळ्यावर आजचा विषय वाचून काही मंडळी गालात हसली, ते आम्ही पाहिलं. दरवर्षी या जागी संतवाङ्मय होतं, शिवचरित्र होतं, आरोग्यावर डॉक्टर बोलतात. आणि यंदा काय, तर ‘हार्ड रॉकची एक तबकडी’! बाप्पासमोर हे कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. पण बाप्पा चौसष्ट कलांचा अधिपती. त्याने आम्हाला अर्धा तास दिला आहे, तेवढा आपणही द्यावा.

सुरुवातीलाच सांगतो, बोलणारा एक असला तरी ‘आम्ही’ म्हणजे चौघे आहोत. डिप्लोमाला एका वर्गात होतो. आता चौघांनीही चाळिशी ओलांडली. बोलणारा राज्य सरकारच्या नोकरीत रस्त्यांची मोजमापं घेतो. बाकीचे तिघे समोर तिसऱ्या रांगेत बसलेत. चूक झाली तर तेच खाणाखुणा करतील.

आमच्यातल्या एकाचे मामा मुंबईला गोदीत नोकरीला होते. निवृत्त होऊन ते हिंडलग्याला परतले तेव्हा सामानात एक रेकॉर्ड प्लेअर आणि पंधरा-वीस तबकड्या होत्या. नाट्यगीतं, अभंग, भावगीतं, आणि त्यांत एकच परकी: डीप पर्पल या इंग्लिश बँडची ‘मशीन हेड’. कव्हरवर धातूच्या पत्र्यावर ठोकल्यासारखी अक्षरं. गिटारच्या तारा पिळायच्या खुंट्यांच्या यंत्राला इंग्रजीत ‘मशीन हेड’ म्हणतात. म्हणजे आपल्या भाषेत तबकडीचं नाव झालं ‘खुंटी’.

या तबकडीची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो नावाचं गाव आहे. तिथल्या कॅसिनोच्या सभागृहात ही पाच मंडळी ध्वनिमुद्रण करणार होती. रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या बँडचा मुद्रणयंत्रं बसवलेला ट्रक भाड्याने आणला होता. ४ डिसेंबरला त्या सभागृहात फ्रँक झापा यांचा कार्यक्रम चालू असताना श्रोत्यांतल्या कुणीतरी आगीचा बाण छताकडे सोडला. छत पेटलं आणि पाहता पाहता कॅसिनो जळून खाक झाला. सुदैवाने माणसं वाचली. डीप पर्पलवाले सरोवरावर पसरलेला धूर पाहत राहिले. त्या धुरावरच पुढे त्यांचं जगभर गाजलेलं गाणं झालं, ‘स्मोक ऑन द वॉटर’.

जागा गेली. मग गावातलं दुसरं एक नाट्यगृह मिळालं. रात्री तिथे वाजवायला सुरुवात केली तर शेजाऱ्यांची झोप उडाली. तक्रार गेली, पोलीस आले. आत गाणं रंगात होतं, म्हणून बँडच्या मदतनिसांनी आतून दार धरून ठेवलं आणि तेवढं मुद्रण पुरं झालं. याच गाण्याचं वादन होतं ते! दुसऱ्या दिवशी मात्र गाशा गुंडाळावा लागला. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं एक मोठं हॉटेल मिळालं. त्याच्या व्हरांड्यात गाद्या उभ्या करून आवाज अडवला आणि तिथे बाकीची गाणी झाली. ट्रकपर्यंत जायला खोल्या आणि गच्च्या ओलांडाव्या लागत, म्हणून मुद्रित झालेलं ऐकायला जायचाही त्यांनी कंटाळा केला. अशा अडचणीत केलेली सात गाण्यांची ही तबकडी मार्च १९७२ मध्ये बाहेर आली आणि इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोचली.

आता ते गाणं. गिटार शिकणारं जगातलं पोरगं पहिल्यांदा काय वाजवत असेल, तर याची सुरुवात. आपल्या भजनी मंडळाच्या पेटीवर ती सहज वाजते. एकूण चार स्वर: सा, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, तीव्र मध्यम. ऐका: सा ग म... सा ग तीव्र म, शुद्ध म... सा ग म ग सा. झालं! दोन मध्यम एकापाठोपाठ लागले की ललित ऐकणाऱ्यांचे कान टवकारतात. याचा ललितशी काही संबंध नाही. पण स्वर कुणाच्या मालकीचे नसतात, एवढं त्यातून कळतं. रिची ब्लॅकमोर हे गिटारवर वाजवताना दोन तारा एकदम बोटांनी छेडतो, म्हणून ते इतकं भरदार लागतं. आणि त्याच्या जोडीला जॉन लॉर्डचं ऑर्गन. त्याने ऑर्गनचा आवाज गिटारच्या अँप्लिफायरमधून काढला, त्यामुळे तो घोगरा, चिडल्यासारखा झाला. आपल्या पेटीचा हा दूरचा, तापट चुलतभाऊ म्हणा.

मामांच्या सोप्यावर आम्ही ही तबकडी पहिल्यांदा ऐकली ती १९९८ साली. त्या काळात कॅसेटच चालायच्या, रेकॉर्ड प्लेअर म्हणजे अडगळ. आमच्याकडे चौघांत मिळून एक जुनी गिटार होती आणि शिकवणारं कुणी नव्हतं. मग तबकडीच आमची मास्तर झाली. दुसऱ्या बाजूचं हे पहिलंच गाणं. सुई टेकवायची, दोन ओळी ऐकायच्या, उचलायची, वाजवून बघायचं, चुकायचं, परत टेकवायची. एका संध्याकाळी तीस-चाळीस वेळा. मामी आतून ओरडायच्या, “काय वाजवालाय रे पोरांनो, वीट आला की!” मामा मात्र खुर्चीत पेपर वाचत बसायचे. एका शब्दाने बोलले नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या तबकडीवर एक अखंड नागमोडी खाच असते. तबकडी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. खाचेच्या भिंतींवरच्या नागमोडीमुळे सुई थरथरते आणि त्या थरथरीचा आवाज होतो. म्हणजे दर वेळी ऐकताना सुई खाचेला घासतेच. नीट वापरली तर तबकडी वर्षानुवर्षं टिकते. पण एकाच जागी शेकडो वेळा, तीही जुनी बोथट सुई आदळली, तर ती जागा जाते. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या मिनिटाची जागा आम्ही घालवली. मामांना पहिल्या आठवड्यातच ते ऐकू आलं असणार. मुंबईत पगारातून पैसे बाजूला काढून घेतलेली ती तबकडी होती.

पुढच्या वर्षी गणपतीत आम्ही हे गाणं वाजवलं. भाड्याचा स्पीकर, शेजारच्या गावातून आणलेला ड्रम. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आम्ही हवेत. खाली उतरलो तर मामा उभे. पाठीवर हात ठेवून म्हणाले, “झ्याक वाजवलं. पण हे त्यांचं झालं. तुमचं काय हाय, ते कधी वाजवणार?”

आम्ही हसलो. उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी दुसरं कुणाचं तरी गाणं बसवलं, त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्याचं. मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, गिटार माळ्यावर गेली. आमचं असं एकही गाणं झालं नाही.

मामांच्या त्या प्रश्नाचा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला, आणि तो कळायला दूर जावं लागलं नाही. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजे आपले कुमार गंधर्व. सात-आठ वर्षांचं हे पोर थोर गवयांच्या तबकड्या ऐकून जसंच्या तसं गायचं आणि ऐकणारे थक्क व्हायचे. तेवढ्यावर थांबले असते तर ‘तबकडीसारखं गाणारा मुलगा’ एवढीच ओळख उरली असती. ते मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले. पुढे क्षयाने अंथरुणाला खिळले, वर्षानुवर्षं गाणं बंद राहिलं. त्या काळात देवासला पडल्या पडल्या माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानावर पडत होती. बरे होऊन गायला लागले, ते ज्याची नक्कल दुसऱ्या कुणाला सहज जमू नये असं गाणं घेऊनच. तबकडी त्यांचीही मास्तर होती. पण ते मास्तरांच्या पुढे गेले.

रॉकमध्येही हेच घडलं, आणि आपल्याकडेच घडलं. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ नावाचा बँड निघाला. त्याच्या गिटारवादकांत महेश तिनईकर होते. आडनाव ऐकलं की आपल्याला लोंढ्यापुढचा तिनईघाट आठवतो. गायक झाले उदय बेनेगल. त्या वेळी कॉलेजच्या कार्यक्रमात श्रोत्यांना परदेशी बँडची गाणी हवी असत आणि ती हुबेहूब वाजवणारा तो मोठा. या मुलांनीही तशी वाजवली. पण १९८८ साली त्यांनी ‘रॉक एन रोल रेनिगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झाले. त्यांची गाणी कुणाला आवडोत, न आवडोत. ती त्यांची होती. माँत्रोच्या व्हरांड्यात वाजलेल्या संगीताचा खरा वारसा आम्ही त्याला म्हणतो. चार स्वर हुबेहूब वाजवले याला नाही.

आता आवाजाबद्दल, कारण हार्ड रॉक म्हटलं की तोच मुद्दा निघतो. १९७२ साली लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये डीप पर्पलचा आवाज ११७ डेसिबल मोजला गेला आणि गिनेसच्या पुस्तकात सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून त्यांची नोंद झाली. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबल दहाने वाढला की आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे ५५ आणि ११७ यांच्यातला फरक दुपटीचा नाही, दहा लाख पटींहून जास्त आहे. मुंबईत धोबीतलावचं रंगभवन हे रॉकचं माहेरघर होतं. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ तिथे भरायचा. पण परिसर शांतता क्षेत्रात मोडतो म्हणून तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले. रुग्णालयातल्या आजाऱ्याची झोप कुणाच्याही गाण्याहून मोठी आहे, हे आम्हाला मान्य आहे. माँत्रोच्या शेजाऱ्यांचंही बरोबरच होतं.

पण लक्षात घ्या, त्या ११७ डेसिबलमुळे हे संगीत पन्नास वर्षं टिकलं नाही. मामांचा रेकॉर्ड प्लेअर असा होता की आवाज सोप्याच्या बाहेर जात नव्हता. तेवढ्याशा आवाजात त्याने चार पोरांना वेड लावलं. मिरवणुकीत छाती हादरवणाऱ्या डॉल्बीत दुसऱ्याचीच गाणी वाजतात, आपण दुसऱ्याच्याच तालावर नाचतो. सकाळी कान दुखतो, त्यापलीकडे काय उरतं?

दोन वर्षांपूर्वी मामा गेले. घर विकायला काढलं तेव्हा रेकॉर्ड प्लेअर भंगारात जाणार होता. आम्ही चौघांनी तो मागून घेतला. नवी सुई मिळवली. नाट्यगीतांच्या तबकड्या अजून छान वाजतात. ‘मशीन हेड’ची पहिली बाजूही. दुसरी बाजू लावली की आधी मिनिटभर नुसती खरखर. त्या खरखरीत ते चार स्वर पुसट, लांबून आल्यासारखे येतात. त्या रात्री आम्ही चौघे ती खरखर ऐकत बसलो, कुणी सुई उचलली नाही. मामांनी आपली वस्तू आम्हाला घासू दिली होती, कारण त्यांना त्याबदल्यात काहीतरी हवं होतं. ते आम्ही दिलं नाही. ते ऐकायला आता मामाच नाहीत.

आणि म्हणूनच आज उभे राहिलो. आमच्यातल्या एकाची मुलगी दहावीत आहे. माळ्यावरची ती गिटार आता तिच्याकडे आहे. मागच्या महिन्यात तिने स्वतःची एक चाल वाजवून दाखवली. खाली ठेका आपल्या भजनातला, वर गिटार चिडलेली. शब्द मराठी, तिचेच. दोन ठिकाणी ताल सुटतो. पण ती चाल कुठल्याही तबकडीवर सापडणार नाही. तिला या मांडवात वाजवायचं आहे. कार्यकारिणीत विषय निघाला तेव्हा, “बसलेलं, लोकांच्या ओळखीचं काहीतरी घ्या,” असं मत पडलं. तसं म्हणणाऱ्यांत आमच्यातलाही एक होता, हे कबूल करायला हवं.

तेव्हा मंडळापुढे आमची एकच मागणी आहे. अकरा दिवसांतली एक संध्याकाळ, आठ ते दहा, आपल्या मुलांसाठी ठेवावी. ओवी, पोवाडा, भजन, रॉक, काहीही चालेल. अट एकच, की चाल आणि शब्द त्यांचे स्वतःचे असावेत. दहाच्या ठोक्याला बंद. आवाज शेजारच्या आजीला झोप लागेल इतका. चुकतील, बेसूर होतील, काही मंडळी उठून जातील. जाऊ देत. स्पीकरचं भाडं आम्ही चौघे देऊ.

आणि त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत एक खुर्ची मोकळी ठेवावी. मामांना पुढे बसूनच ऐकायची सवय होती.